हाताआधी थाप

मनात आलेलं बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, ही गोष्ट ऋजुता गुरवला पाठ्यपुस्तकाआधी वडिलांनी, आबांनी, शिकवली होती. मिरजेतल्या घरी ती लहानपणीच पेटीवर लेहरा धरायला बसली. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एकच छोटी सुरावट, पुन्हा पुन्हा वाजवायची. समोर आबा तबल्यावर वाटेल तो धुमाकूळ घालोत, पेटीवाल्यानं आपली सुरावट सोडायची नाही. काम इतकं कंटाळवाणं की नव्या पाहुण्याला वाटे, पोरीला शिक्षा म्हणूनच बसवलं आहे. पण आबांचे गुरू गणपतबुवा सांगून गेले होते की लेहरा ही खुंटी आणि तबला हे जनावर. जनावरानं दावं ताणावं, उधळावं, गोल फिरावं, पण खुंटी हलत नाही. चुकला तर तबलाच चुकला. गुरवांच्या घरात हे वाक्य देव्हाऱ्यातल्या टाकांच्या पंगतीला बसलेलं होतं. त्यावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

खुंटी होता होता ऋजुताचा कान असा तयार झाला, की टाळी आणि तिचा आवाज यांत कुणाला जाणवणार नाही एवढी फट पडली तरी तिला ती ठेचेसारखी लागे. हा गुण लग्नाच्या बाजारात कुणी विचारला नाही, पण पुण्यातल्या एका कंपनीनं तो बघताक्षणी उचलला. ही कंपनी 'झेप' नावाचा गेमिंग कन्सोल बनवी.

झेपचा वैरी बंगळूरचा 'निमिष'. दोघांचं भांडण जुनं. आधी कुणाची चित्रं जास्त खरी वाटतात यावरून झालं, मग कोणता खेळ फक्त कुणाच्या यंत्रावर चालेल यावरून झालं, मग किमती पाडून झालं. सगळीकडे बरोबरी झाल्यावर एकच मैदान उरलं, ते म्हणजे विलंब. बटण दाबल्यापासून पडद्यावरची तलवार फिरेपर्यंत जो क्षण जातो, तो ज्याचा कमी त्याचं यंत्र चपळ. ऋजुता चाचणीच्या खोलीत बसून एवढंच सांगे, "उशीर आहे. अजून आहे. आता नाही." यंत्रांना न सापडणारा उशीर तिला सापडे, म्हणून इंजिनीअर मंडळी तिला वचकून असत.

मग झेपनं एक युक्ती काढली. बोट हलवायचं ठरलं की मेंदूचा हुकूम मज्जातंतूंमधून हाताच्या स्नायूंपर्यंत येतो. स्नायूत विजेची बारीक लहर उठते. मग स्नायू आवळतो, मग बोट हलतं आणि मग कुठे बटण दबतं. लहर उठण्यापासून बटण दबण्यापर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा सहज जातो. झेपनं मनगटाला बांधायचा एक पट्टा काढला, तो ही लहरच वाचू लागला. आता विलंबानं शून्यावर थांबायचं कारण नव्हतं. बोट बटणाला टेकायच्या आत तलवार फिरलेली असे. पहिल्यांदा खेळणारा दचके, मग हसे, मग उठायचं नाव घेत नसे. आपण देवासारखे चपळ झालो, असं त्याला वाटे.

किती पुढे जायचं, हे ऋजुतानं ठरवलं. द्रुत लयीत तबल्यावर 'तिरकिट' वाजतं, त्यातलं एक अक्षर जेवढं टिकतं तेवढंच पुढे. त्याहून जास्त झालं तर अंगावर काटा येतो, असं तिनं बजावलं. चार महिन्यांत निमिषचा पट्टा बाजारात आला, तो दीड अक्षर पुढे होता. कुणाच्याही अंगावर काटा आला नाही. झेपचा प्रॉडक्ट हेड अद्वैत पाटणकर ऋजुताच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, की तुझ्या काट्यापायी आपलं गिऱ्हाईक चाललं. मग झेपनं पट्टा कोपरापर्यंत नेला, वरचे स्नायू वाचले आणि दोन अक्षरं गाठली. ऋजुता दिवसभर पट्टा बांधून तपासत राही. महिन्याभरात तिलाही दोन अक्षरांचं काही वाटेनासं झालं.

त्या दिवसांत ऑफिसात एक गंमत सुरू झाली होती. कुणाचं वाक्य पुरं व्हायच्या आत समोरचा उत्तर देई. मिटिंगमध्ये सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत. सगळ्यांना वाटे, आपण फार हुशार झालो आहोत.

माघात गणपतबुवांची पुण्यतिथी असे. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत इस्माईलचाचांचं तंबोऱ्यांचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर सकाळी बैठक भरे. तिथला एक रिवाज होता. चाचा तंबोरा मांडीवर घेत, आबांकडे बघत आणि विचारत, "सूर लावू का?" आबा सावकाश श्वास घेत, भोवतीच्या माणसांवरून नजर फिरवत आणि मग म्हणत, "लावा." तोवर चाचा तारेला बोट लावत नसत. बुवांच्या काळापासून असं चाललं होतं.

त्या वर्षी चाचांनी सूर लावला, ऋजुतानं विलंबित तीनतालाचा लेहरा धरला, आणि दुसऱ्याच आवर्तनाला तिला घाम फुटला. आपल्याच पेटीचा प्रत्येक सूर तिला उशिरा येतोयसं वाटत होतं, जणू दुसरंच कुणी तिच्यानंतर वाजवतंय. तो उशीर भरून काढायला बोटं आपोआप पुढे धावत होती. कान ओढून मागे आणी, बोटं पुन्हा पुढे पळत. आबा लेहऱ्यामागे धावले. सत्तरीचा माणूस तो, पण खुंटी म्हणेल तसं जायचं हे रक्तात मुरलेलं. सम आली की ते अर्ध्या थापेनं मागे पडत, चेहरा कसनुसा होई, पुन्हा सावरत. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला त्यांनी दोन्ही हात तबल्यावर पालथे ठेवले.

"मंडळी, माफी असावी," ते म्हणाले. "माझा हात गेला."

त्यांनी तबल्यावर खोळ चढवली. ऋजुतानं पेटीचा भाता मिटला. तिला तेव्हा काही कळलंच नव्हतं आणि जे थोडं कळलं होतं ते मानायला जीव धजत नव्हता.

पुण्याला परतल्यावर तिनं स्वतःलाच चाचणीच्या यंत्रावर बसवलं. पट्टा काढला आणि साध्या ठेक्यावर बटण दाबत राहिली. आकडे समोर आले. तिचं बोट प्रत्येक ठोक्याच्या आधी पडत होतं. झेप जेवढं पुढे होतं, बरोबर तेवढंच.

मेंदू मोठा समजूतदार असतो, आणि त्याच्या समजूतदारपणाचाच घात होतो. मी हात उचलला आणि आवाज आला, या दोन्हींतलं अंतर किती असावं हे तो जन्मभर मोजत असतो आणि रोजच्या अनुभवानं दुरुस्त करत असतो. रोज हाताआधी फळ मिळू लागलं, तर तेच बरोबर असं तो धरून चालतो. मग खऱ्या जगात टाळी वाजवली की ती उशिरा वाजल्यासारखी वाटते. स्वतःचा आवाजही उशिरा कानावर येतोसा वाटतो, म्हणून माणूस दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट बघत नाही.

तिनं हे सगळं पाटणकरपुढे ठेवलं. तिला वाटलं होतं, तो हादरेल. पाटणकरनं खुर्ची जवळ ओढली आणि मवाळपणे तिला समजावलं. हे वरच्यांना माहीत होतं. झेपवर तयार झालेला हात निमिषवर गेला की मळमळतं, निमिषचा हात झेपवर आला की तेच. गिऱ्हाईक आता मनगटातून बांधलं गेलं होतं. मोठ्यांचा हात निदान सुटू शकतो, पण लहान पोरांचा एकदा बसला की बसला. ज्याचं यंत्र त्यांच्या हातात आधी जाईल, त्याचा पुढचा सगळा बाजार.

"मग मागे घ्या," ती म्हणाली. "दोघांनी मिळून शून्यावर या."

"आपण मागे आलो तर आपल्या पोरांना आपलं यंत्र बैलगाडी वाटेल. ती सगळी निमिषकडे जातील. निमिषलाही हेच भय आहे. पुढे जाण्याचं कुणाला वेड नाही, ऋजुता. थांबायचं कुणी आधी, एवढाच प्रश्न आहे."

तिनं नोकरी सोडली. पाटणकरनं तिला निरोपाचा केक कापायला लावला आणि तिचं आभाराचं वाक्य पुरं होण्याआधीच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मिरजेला जाऊन तिनं आबांना सांगितलं. खोळ घातलेला तबला कपाटाखाली सरकवलेला होता. आबा खिडकीशी बसून उगाच शेंगा सोलत होते. आई गेल्यापासून या घरात वाजणारी ती एकच गोष्ट होती आणि तीही थांबली होती. ती बोलत होती आणि ते मान हलवत होते. लेक बापाचं दुःख हलकं करायला बघते आहे, एवढंच त्यांना ऐकू येत होतं.

"आबा, हात तुमचा नाही गेला. माझा गेला. खुंटी हलली."

"खुंटी हलत नसती, बाळ."

तिनं पुन्हा सांगितलं, यंत्र काय करतं ते सांगितलं, आकडे सांगितले. शेवटी ती थकली आणि तिनं एवढंच वचन मागितलं, की झेपचं ते यंत्र या घरात कधी आणू नका, कुणी फुकट दिलं तरी आणू नका. आबा म्हणाले, नाही आणणार. गुरवाच्या शब्दाला ते जागले, हेच पुढचं दुर्दैव.

पुढचे आठ महिने ऋजुता पुण्यात गणिताच्या शिकवण्या घेत होती आणि उरलेला वेळ पेटीपुढे बसत होती. साधा ठेका लावायचा, डोळे मिटायचे, एकच सूर दाबायचा. बोट पुढे पळे, ती त्याला माघारी आणे. स्कूटरचा ब्रेक, लिफ्ट, शेजारणीचा नवा मिक्सर, सगळ्यांत आता त्याच जातीचे पट्टे आणि बटणं यायला लागली होती. ती पायऱ्या चढे, पायी फिरे, पाट्यावर चटणी वाटे. ओळखीच्यांना वाटलं, नोकरी गेल्यानं बाई देवभोळी झाली. दिवाळीच्या सुमारास एका दुपारी तिनं सूर दाबला आणि तो जिथं दाबला तिथंच वाजला. तिनं पुन्हा दाबला. मग ती पेटीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

तिनं लगेच आबांना फोन केला. त्यांच्याकडेही बातमी होती.

"माझाबी हात परत आलाय, ऋजू. पोरगा झालोय पोरगा. माघात बघच."

खोळ निघाली, तबला कपाटाखालून बाहेर आला, ते पुन्हा शिकवायला लागले. हे सगळं ऐकताना ती इतकी सुखावली की हात कसा परत आला, हे विचारायचंच राहिलं. आनंदात माणूस असे प्रश्न विचारत नाही.

माघात ती मिरजेला आली तेव्हा माळा भरलेला होता. आबांचे शिष्य दोन कोंडाळी करून बसले होते. हे दोन गट का, असं तिनं एकाला विचारलं, तर तो तिचा प्रश्न संपायच्या आत म्हणाला की झेपवाले सोमवारी येतात आणि निमिषवाले मंगळवारी, एकत्र बसवलं तर ताल जमत नाही. आज बुवांचा दिवस म्हणून सगळे आले होते. आणखी काही विचारायला तिनं तोंड उघडलं, पण तोवर चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला होता.

"सूर लावू का?"

"लावा," आबा म्हणाले. त्यांनी श्वास घेतला नाही, माणसांवरून नजर फिरवली नाही. चाचांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तार छेडली.

ऋजुतानं लेहरा धरला. आठ महिन्यांची तपश्चर्या तिच्या बोटांत उभी होती. सूर जागच्या जागी पडत होते, खुंटी पुरुषभर खोल गेली होती. आबांनी तबल्यावर थाप दिली ती तिच्या समेच्या आधी. दुसऱ्या आवर्तनाला आणखी आधी. हात खरंच पोरगा झाला होता, जोर होता, नाद गोल होता, आणि तो सगळा नाद चुकीच्या जागी पडत होता. डाव्या मनगटावर घड्याळ काढल्यासारखा फिकट पट्टा उमटलेला तिला दिसला. निमिषचा पट्टा तेवढाच रुंद असतो.

आबांनी तिच्याकडे झुकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "ऋजू, मागं पडायलीस."

निमिषवाल्या कोंडाळ्यातली पोरं आबांबरोबर माना डोलवत होती. झेपवाली चुळबुळत होती. अख्ख्या माळ्यावर दोनच माणसं खऱ्या मात्रेवर बसली होती, ती आणि चाचा. तिनं लेहरा तसाच धरून ठेवला असता तर आबा आणखी तीन-चार आवर्तनं धडपडले असते आणि मग त्यांनी पुन्हा दोन्ही हात पालथे ठेवले असते. मागल्या वर्षी तिनं ते एकदा पाहिलं होतं. खुंटी हलत नाही या श्रद्धेपायी हा माणूस मोडला होता, आणि खुंटी हलली नाही तर तो पुन्हा मोडणार होता.

तिनं खुंटी हलवली. ठरवून, जाणून, आबांची थाप जिथं पडेल तिथं सम नेऊन ठेवली. ती पुढे गेली तसे आबा आणखी पुढे गेले, कारण त्यांच्या हाताला सगळंच उशिरा वाटत होतं. विलंबित लय बघता बघता मध्य झाली, मध्याची द्रुत झाली. दोघं एकमेकांना ढकलत धावत सुटले आणि लोकांना वाटलं, काय रंगलंय. टाळ्या पडल्या, त्याही शेवटी तीनदा वाजवायची तिहाई संपायच्या आधीच. इस्माईलचाचांनी तंबोरा भिंतीला टेकवला आणि जिना उतरून ते दुकानात जाऊन बसले.

घरी आल्यावर तिनं विचारलं. आबांनी कपाटातून खोकं काढून दाखवलं, लहान मूल खेळणं दाखवतं तसं. खोक्यावर छापलं होतं, 'झेपने बिघडवलेला हात निमिष सुधारेल.' तालाचा एक खेळ त्यात होता, ते रोज खेळत.

"तू सांगितलंस, झेप हात बिघडवतं. मग माझा बिघडलेला हात दुरुस्त करायला याच्यापेक्षा काय घेऊ? तुझा शब्द मोडला न्हाई मी."

ऋजुतानं कपाळाला हात लावला. हसू येत होतं आणि त्या हसण्याची तिला भीती वाटली. मग तिनं सगळं सावकाश समजावून सांगितलं. या वेळी आबा खरंच ऐकत होते. बिघडला नव्हता तो हात त्यांनी दुरुस्तीला दिला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

"काढून ठेवा तो पट्टा," ती म्हणाली. "मी येऊन राहते इथं. तुमच्या वयाला आठांचे बारा महिने लागतील, पण हात येईल परत."

"येईल असं वाटतं तुला?"

तिला खोटं बोलता आलं नाही. म्हातारपणी मेंदूची ती समजूत किती लवकर घट्ट होते, हे तिनंच पाटणकरला दिलेल्या अहवालात लिहिलं होतं.

"खोटं बोलत न्हाईस तू, कळतंय मला," आबा म्हणाले. "पण मागल्या साली मी खोळ घालून बसलो होतो, तेव्हा रोज सकाळी उठायचं कशाला, हेच कळत नव्हतं. ते परत नको. चुकीचं तर चुकीचं, पण वाजतंय ना. तुझ्या हातानं मला परत झाकून ठेवू नको, बाळ."

एवढं बोलून ते चहा टाकायला उठले. तिला त्यांचा राग आला, स्वतःचा आला, पाटणकरचा आला, पण राग धरायला समोर कुणी नव्हतं. समोर पाठमोरा एक म्हातारा आधण ठेवत होता आणि ओट्यावर बोटांनी तिरकिट वाजवत होता.

बापाबरोबर वाजवायचं तर आता एकच वाट होती. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली आणि निमिषचा पट्टा मागितला. दुकानदार मोठा हौशी. वेळेवर आलात, म्हणाला. झेपनं परवाच तीन अक्षरांइतकं पुढे नेलं म्हणून निमिषनं आज सकाळी साडेतीन केलंय, सगळ्यांचे पट्टे घरबसल्या आपोआप नवे होतात. आणि हे इथं थांबणार नाही, पुढच्या महिन्यात बघा. तो ही बातमी मॅचचा स्कोअर सांगावा तशी सांगत होता.

ऋजुतानं हात पुढे केला. आठ महिने घासून पुसून जागेवर आणलेलं ते मनगट तिनं एकदा डोळे भरून पाहिलं आणि पट्टा आवळून घेतला.

मग ती मिरजेलाच राहिली. बाप-लेक रोज सकाळी शेजारी शेजारी बसून तो तालाचा खेळ खेळत. नवा बदल आला की दोघांचे हात एकदमच सरकत, त्यामुळे एकमेकांत काही बिघडत नसे. आबांना वाटे, लेक फार वर्षांनी घरी आली. संध्याकाळी ती लेहरा धरी, ते वाजवीत, आणि दोघांनाही तो अगदी जागेवर वाटे. शेजारच्या बाई मात्र खिडकी लावून घेत.

पुढच्या माघात इस्माईलचाचा येतील की नाही, अशी शंका होती. ते आले. आपल्याच दुकानाचा जिना ते परक्यासारखे चढले, तंबोरा मांडीवर घेतला, तारा एकेक चाचपून पाहिल्या. मग सवयीनं त्यांनी आबांकडे पाहिलं.

"सूर ला..." चाचांनी तोंड उघडलं.

"लावा," आबा आणि ऋजुता एका आवाजात म्हणाले.

चाचांचा उरलेला प्रश्न तोंडातच राहिला. ते थोडा वेळ त्या दोघांकडे बघत बसले, आणि मग त्यांनी तार छेडली.